एकाच डोळ्यामागे असह्य कळ येते? डॉक्टरांना नेमके काय सांगाल

रात्री झोप लागते न लागते तोच एका डोळ्यामागे भयंकर कळ सुरू होते. त्याच बाजूचा डोळा लाल होतो, पाणी गळते, नाक चोंदते. अनेकजण याला सायनस, अर्धशिशी किंवा दाढदुखी समजतात. काहींची तर चांगली दाढही काढली जाते. पण हे दुखणे ‘क्लस्टर डोकेदुखी’ असू शकते.

हा आजार ओळखणारी रक्ताची तपासणी नाही. एमआरआय करतात, तो दुसरा आजार नाही ना, हे पाहण्यासाठी. निदान होते ते रुग्णाच्या सांगण्यावरून.

डॉक्टर काय पाहतात?

- दुखणे एकाच बाजूला, डोळ्याभोवती किंवा कानशिलात आहे का?
- उपचाराविना अटॅक १५ मिनिटे ते ३ तास टिकतो का?
- दिवसाआड एक ते दिवसाला ८ अटॅक येतात का? असे किमान ५ अटॅक येऊन गेलेत का?
- रुग्ण अस्वस्थ होऊन येरझाऱ्या घालतो का? अर्धशिशीत माणूस बहुधा अंधारात पडून राहतो.

म्हणून प्रत्येक अटॅकची तारीख, वेळ लिहून ठेवा. घरच्यांनी मोबाइलवर व्हिडिओ काढावा. निदान बरोबर झाले तर मास्कने ऑक्सिजन देण्यासारखे उपचार आहेत.

मात्र डोके अचानक, कधी नव्हे इतके दुखले, तापासोबत मान आखडली किंवा हातपाय लुळे पडले, तर वाट पाहू नका. लगेच दवाखाना गाठा.