बिनशिशाचे सोल्डर : बोर्डाची प्रिंट न उखडता पार्ट कसा काढावा

टीव्ही, चार्जर, इन्व्हर्टर किंवा एलईडी बल्ब दुरुस्त करणाऱ्या कारागिराला हा अनुभव नवा नाही. जुन्या सेटमधला कंडेन्सर दोन मिनिटांत हातात येतो. नव्या सेटच्या बोर्डावर तेवढाच कंडेन्सर काढायला गेले की सोल्डर वितळत नाही, वितळले तरी पंप ते पुरते ओढत नाही, आणि जरा जोर लावला की खालची प्रिंट उखडून वर येते. मजुरी दोनशे रुपयांची आणि बोर्ड मात्र हजारोंचा, तोही गिऱ्हाइकाचा. नुकसान कोणी सोसायचे, यावरून दुकानात वाद होतात.

याचे कारण हाताच्या सफाईत नाही, धातूत आहे. आपण वर्षानुवर्षे जी सोल्डर वायर वापरत आलो, तिच्यात १०० भागांत ६० किंवा ६३ भाग कथील असते आणि बाकी शिसे. ६३-३७ची वायर १८३ अंश सेल्सिअसला एकदम वितळते. टाकून दिलेल्या बोर्डांतले शिसे माती-पाण्यात उतरते, म्हणून युरोपीय संघाने १ जुलै २००६ पासून बहुतेक नव्या विद्युत मालात त्यावर बंदी घातली. भारतात २०११ सालचे ई-कचरा नियम १ मे २०१२ पासून अमलात आले आणि त्यांतली शिशाची मर्यादा १ मे २०१४ पासून लागू झाली. मर्यादा ०.१ टक्का, म्हणजे जवळजवळ नाहीच. या नियमांचा रोख माल बनवणारे व आयात करणारे यांच्यावर आहे. पण त्यांनी बनवलेला माल शेवटी आपल्याच टेबलावर येतो.

कारखान्यांनी शिशाऐवजी कथलात थोडी चांदी व तांबे घातले. ९६.५ भाग कथील, ३ भाग चांदी आणि अर्धा भाग तांबे असे मिश्रण फार चालते. ते २१७ ते २२० अंशांना वितळते. चांदी नको असेल तर ९९.३ भाग कथील व ०.७ भाग तांबे. हे स्वस्त पडते, पण त्याला २२७ अंश लागतात. म्हणजे जुन्यापेक्षा ३५ ते ४५ अंश जास्त. शिवाय हे सोल्डर तितके पातळ होऊन पसरत नाही. साध्या २५ वॅटच्या आयर्नने रुंद तांब्याला जोडलेला पाय सोडवायला गेलो, तर बिटची आच बोर्डच पिऊन टाकतो. मग कारागीर बिट दाबून धरतो आणि प्रिंटचा गोंद आधी सुटतो.

उपाय स्वस्त आहे. ज्या पायाचे सोल्डर काढायचे, त्यावर आधी थोडे नवे, जुन्या पद्धतीचे ६३-३७ सोल्डर घाला. काढायच्या ठिकाणी आणखी घालायचे, हे ऐकायला उलटे वाटते. पण दोन्ही मिसळले की मिश्रण कमी आचेला वितळते आणि जास्त वेळ पातळ राहते. त्याबरोबर राळेची पेस्ट सढळ हाताने लावा. कल्हईवाला नवसागर मारल्याशिवाय कथील फिरवत नाही, तेच काम इथे पेस्टचे आहे. मात्र पत्र्याचे डबे सांधताना वापरतात ते तेजाबी पाणी बोर्डाला कधीही लावू नये. काही दिवसांत प्रिंट हिरवी पडून खाल्ली जाते.

सोल्डर पूर्ण पातळ झाले, पाय हलू लागला, की मगच पंप. तांब्याची जाळीदार पट्टी वापरत असाल तर पट्टी सांध्यावर ठेवून वरून बिट टेकवा, घासू नका, आणि पट्टी व बिट एकदमच उचला. पट्टी थंड होऊन चिकटली आणि ओढली, तर प्रिंट तिच्याबरोबर येणारच. आयसी मेलेलीच असेल तर अखंड काढण्याचा हट्ट कशाला? बारीक कटरने तिचे पाय अंगाशी कापा आणि एकेक पाय चिमट्याने काढा. आयसी पाचपंचवीस रुपयांची, बोर्ड मोलाचा. रुंद तांब्याला जोडलेल्या पायासाठी बोर्ड खालून गरम हवेने सुमारे १०० अंशांपर्यंत तापवून घेतला, तर काम निम्म्यावर येते.

आयर्न घ्यायचेच तर आच नियंत्रित करणारे घ्या. जुन्या सोल्डरला ३२० ते ३५० आणि बिनशिशाला ३५० ते ३८० अंश पुरतात. त्याहून चढवले की पेस्ट जळते, बिट काळी पडते, आणि कथील जास्त असल्याने बिटवरचा लोखंडी थर लवकर खाल्ला जातो. काम नसताना बिटवर सोल्डर चढवून आयर्न बंद करावे.

सांधा पारखतानाही सवय बदलावी लागते. पूर्वी चकाकी नसली की सांधा कच्चा समजत. बिनशिशाचा चांगला सांधाही फिकट व दाणेदार दिसतो. त्यामुळे चकाकीऐवजी सोल्डर पायाला व प्रिंटला उतार घेऊन चिकटले आहे का, ते पाहावे.

एक सावधगिरी. बिस्मथ असलेले सोल्डर १३८ अंशांनाच वितळते, म्हणून पार्ट काढायला उत्तम. पण ते बोर्डावर राहिले आणि त्यात शिसे मिसळले, तर सुमारे ९६ अंशांना वितळणारे मिश्रण होऊ शकते. तापणाऱ्या ट्रान्झिस्टरजवळ असा सांधा टिकणार नाही. जाळीने ते पूर्ण पुसून घेतल्याशिवाय नवा पार्ट बसवू नये.

आता शिशाच्या वायरविषयी. दुरुस्तीच्या आचेला शिशाची वाफ होत नाही. जो धूर डोळ्यांत जातो तो राळेचा. मात्र त्यानेही दमा जडतो, म्हणून छोटा पंखा लावून धूर बाजूला ओढून घ्यावा. शिसे पोटात जाते ते हातांवाटे. वायर दातांत धरण्याची सवय तर अगदी वाईट. चहा-नाश्त्याआधी हात साबणाने धुवावेत. घरीच काम करणाऱ्यांनी पंपातली भुकटी फरशीवर झाडू नये. रांगणाऱ्या मुलांच्या मेंदूला शिसे अगदी थोड्या प्रमाणातही बाधते. भुकटी व गोळ्या झाकणाच्या डब्यात साठवाव्यात. त्या गोळ्या कल्हईच्या कथलात कोणी मिसळू नयेत, कारण ते शिसे थेट अन्नात उतरते.

दोन्ही प्रकारच्या वायरी टेबलावर वेगळ्या ठेवा आणि रिळांवर मोठ्या अक्षरांत लिहा. एकदा रीळ उघडले की दोन्ही सारख्याच दिसतात.