विश्लेषण : ‘सर्व्हर स्लो आहे’ – रांग नेमकी कुठे अडते?

५ ऑक्टोबर २०२३ रोजी छिंदवाड्यातून पांढुर्णा आणि सौंसर हा मराठीभाषक पट्टा वेगळा काढून मध्य प्रदेशात पांढुर्णा जिल्हा अस्तित्वात आला. जिल्हा बदलला की दप्तर हलते आणि आजचे दप्तर म्हणजे डेटाबेस. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये देशात सर्वप्रथम लोकसेवा हमी कायदा केला. गोव्यानेही २०१३ मध्ये कालबद्ध सेवांचा कायदा केला. मुदत कायद्याने बांधलेली असली, तरी सर्व्हर अडला की नागरिकाला खिडकीवरून परतावे लागते. अशा खोळंब्याचे एक संभाव्य ठिकाण म्हणजे डेटाबेसच्या दाराशी बसलेला ‘कनेक्शन पूलर’.

पूलर कशासाठी?

‘पोस्टग्रेस’ या मुक्त डेटाबेसमध्ये प्रत्येक जोडणीसाठी स्वतंत्र प्रक्रिया चालते आणि जोडण्यांची मूळ मर्यादा साधारणतः १०० असते. पूलर मोजक्या जोडण्या उघड्या ठेवून त्याच आळीपाळीने सर्वांना देतो. स्काइप कंपनीत घडलेला ‘पीजीबाउन्सर’ हा असाच एक प्रसिद्ध पूलर २००७ पासून सर्वांसाठी खुला आहे.

तो नीट चालतो, हे कसे ओळखावे?

संकेतस्थळ उघडते, एवढ्यावरून पूलर काम करतो असे ठरत नाही. पहिली तपासणी वाटेची. पोस्टग्रेसचा नेहमीचा पोर्ट ५४३२, तर पीजीबाउन्सरचा ६४३२. अॅप्लिकेशन थेट ५४३२ वर जात असेल, तर पूलर नुसताच बसून असतो.

दुसरी तपासणी मोजणीची. समजा, पांढुर्णा आणि सौंसर येथील खिडक्यांवरून एकाच क्षणी ८० जोडण्या मागितल्या गेल्या आणि पूलची मर्यादा २० आहे. चाचणी यंत्रणेवर एवढाच भार देऊन पाहिल्यास डेटाबेसकडे या पूलच्या २० पेक्षा अधिक जोडण्या दिसता कामा नयेत.

तिसरी तपासणी रांगेची. पूलरच्या व्यवस्थापन कक्षात ‘शो पूल्स’ ही आज्ञा दिली की किती ग्राहक ताटकळत आहेत आणि सर्वांत पुढचा किती सेकंद थांबला आहे, हे दिसते. रांग क्षणभर वाढून ओसरली तर चिंता नाही. प्रतीक्षा वाढतच गेली, तर मूळ मांडणीप्रमाणे १२० सेकंदांनंतर पूलर ग्राहकाची जोडणी तोडतो.

उपाय काय?

पूल मोठा करणे हा सरसकट उपाय नव्हे. एखादी संथ क्वेरी जोडण्या अडवून बसली असेल, तर वाढीव जोडण्याही तीच गिळते. ‘सेशन’ पद्धतीत ग्राहक स्वस्थ बसला तरी जोडणी सोडत नाही. ‘ट्रान्झॅक्शन’ पद्धतीत व्यवहार संपताच ती दुसऱ्याला मिळते. मात्र पद्धत बदलण्यापूर्वी अॅप्लिकेशनला ती मानवते का, हे पाहावे लागते.

ही तपासणी गर्दीच्या दिवसापूर्वीच व्हायला हवी. कायद्याने दिलेली मुदत सर्व्हरसाठी थांबत नाही.