रानातल्या छत्र्या : ९
वाटीखालची रात्र

मागच्या आठवड्यात आपण अमानिटा या विषारी छत्रीच्या बुडाशी, त्या पांढऱ्या पिशवीपाशी थांबलो होतो. आज तिच्या विषाबद्दल लिहायचं कबूल केलं होतं, पण ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. मध्येच रत्नागिरीकडच्या एका वाचक भगिनींचं पत्र आलं आणि ते काही डोक्यातून जाईना. त्या लिहितात, "आमची आजी अळंबीच्या कालवणात चांदीचं वेढं टाकायची. वेढं काळं पडलं नाही तरच ताटात वाढायची. तिच्या हातची अळंबी खाऊन आम्हाला कधी काही झालं नाही. मग ही परीक्षा खरी मानायची का?"

नाही मानायची. चांदी काळी पडते ती गंधकाच्या संयुगांमुळे. उकडलेलं अंडं चांदीच्या चमच्याने खाल्लं तरी चमचा काळवंडतो, म्हणून अंडं काही विषारी ठरत नाही. अमानिटाच्या विषाने चांदीवर साधा डागही पडत नाही. लसूण किंवा तांदूळ टाकून रंग बदलतो का पाहणं, किड्याने किंवा गोगलगायीने खाल्लेली अळंबी चांगली समजणं, ही सगळी त्याच माळेतली. गोगलगाय जे पचवते ते माणसाला पचेलच असं नाही. उकळून, तळून किंवा वाळवूनही हे विष जात नाही.

मग आजीच्या घरात कुणाला काही झालं कसं नाही? मला विचाराल तर त्याचं श्रेय वेढ्याचं नाही, आजीचं आहे. ती बहुधा एकच अळंबी आणत असणार, वारुळावरची. गोव्यात जिला रोण ओळमी म्हणतात आणि भंडारा-गोंदियाकडे सात्या, त्याच कुळातली. वाळवी वारुळात या बुरशीची शेती करते आणि पावसाळ्यात त्या शेतातून छत्र्या वर येतात. म्हणून दांडा जमिनीत संपत नाही, मुळासारखा निमुळता होत थेट वाळवीच्या मळ्यापर्यंत जातो. रॉजर हाइम या फ्रेंच शास्त्रज्ञाने 1942 मध्ये या कुळाला टर्मिटोमायसिस नाव दिलं. आजीला ते नाव ठाऊक नसेल, पण वारूळ कुठलं, कुठल्या पावसानंतर तिथे जायचं आणि छत्रीच्या टोकाचं बोंड कसं दिसतं हे तिला पाठ होतं. नातवंडांपर्यंत पोचलं ते फक्त वेढं. ओळख मागेच राहून गेली याचं मला फार वाईट वाटतं.

घरबसल्या काही करून पाहायचंच असेल तर वेढं ठेवून द्या आणि वाटी घ्या.

पुण्यात आमच्या सोसायटीच्या हिरवळीवर जुलैत पांढऱ्या छत्र्यांचं रिंगण उगवतं. ताटलीएवढी छत्री, मधोमध तपकिरी खवले, दांड्यावर वरखाली सरकणारं कडं. दिसायला इतकी देखणी की शेजारच्या काकूंनी एकदा परडीभर खुडून आणली. मी त्यांच्याकडून एक मागून घेतली आणि बाकीच्यांना सकाळपर्यंत हात लावू नका म्हणून विनवलं. दांडा छत्रीलगत कापला. अर्धा पांढरा, अर्धा काळा असा कागद जोडून घेतला, त्यावर पाती खाली येतील अशी छत्री ठेवली आणि वारा लागू नये म्हणून वर वाटी पालथी घातली. दोन रंगांचा कागद अशासाठी की छत्रीतून पडणाऱ्या बीजाणूंचा ठसा पांढरा असेल तर तो पांढऱ्या कागदावर दिसतच नाही.

रात्रभर त्या वाटीखाली काय चालतं ते ऐका. पात्यांवरच्या प्रत्येक बीजाणूच्या बुडाशी पाण्याचा एक सूक्ष्म थेंब जमतो. तो बीजाणूला मिळाला की त्या झटक्याने बीजाणू पात्यापासून सुटतो आणि दोन पात्यांमधल्या फटीतून सरळ खाली पडतो. रेजिनाल्ड बुलर यांनी कॅनडात हे बारकाईने अभ्यासलं, म्हणून त्याला बुलरचा थेंब म्हणतात. असे लक्षावधी बीजाणू पडले की कागदावर पात्यांची नक्षी रेघ न् रेघ उमटते.

सकाळी वाटी उचलली. पाती अजून पांढुरकीच होती, पण कागदावरचा ठसा हिरवा होता. वाळलेल्या शेवग्याच्या पाल्यासारखा मळकट हिरवा. ही क्लोरोफायलम मोलिब्डायटिस. खाल्ली की एक ते तीन तासांत उलट्या-जुलाबांनी माणूस बेजार होतो. एवढ्या मोठ्या छत्रीचा हिरवा ठसा जवळपास हिचाच. काकूंनी परडी तशीच खड्ड्यात पुरली.

आता सर्वांत महत्त्वाचं. ठसा हिरवा नाही म्हणजे छत्री खाण्याजोगी, असा अर्थ कृपा करून काढू नका. अमानिटाचा ठसा पांढरा असतो आणि खाण्याजोग्या कितीतरी छत्र्यांचाही पांढराच. वारुळावरच्या अळंबीचा फिकट गुलाबी येतो, पण भाताच्या पेंढ्यावरच्या अळंबीचाही गुलाबीच. ही पेंढ्यावरची अळंबी कळी असतानाच खातात आणि मिटलेल्या कळीचा ठसा निघत नाही. अमानिटाची कळीही तशीच अंड्यासारखी दिसते. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेत आशियातून गेलेल्या लोकांनी मायदेशीची अळंबी समजून तिथली मृत्युछत्री, म्हणजे अमानिटाचीच एक जात, शिजवली आणि जीव गमावले, ते या साम्यामुळेच. मेलबर्न-कॅनबेराकडच्या वाचकांनी हे घरात मोठ्याने वाचून दाखवावं. ठसा हा ओळखीतला एक प्रश्न आहे. बूड, कडं, वास, जागा आणि सोबतचं झाड हे बाकीचे प्रश्न सुटल्याशिवाय उत्तर पुरं होत नाही.

या रविवारी एक छत्री बुडासकट उकरून आणा. हात लावल्याने विष बाधत नाही, तरी हात धुवा. वाटी मात्र स्वयंपाकातली घेऊ नका. ठशाच्या कागदावर तारीख, जागा आणि जवळचं झाड लिहून ठेवा आणि पुढच्या आठवड्यात तो हाताशी असू द्या. छत्री खायची नाही.