जपानी स्नान आणि दिवसाचा निरोप

भारतीय माणसाच्या मनात स्नानाची सांगड बहुधा प्रातःकाळाशी घातलेली असते. देवपूजेपूर्वी किंवा कामास लागण्यापूर्वी तो स्नान उरकतो. जपानात हा क्रम पुष्कळसा उलटा आहे. दिवसाचे काम आटोपल्यावर, निजण्यापूर्वी स्नान करावयाचे, असा तेथील सर्वसाधारण परिपाठ. तेथे स्नानाने दिवसाचा आरंभ होत नाही, तर दिवसाचा निरोप घेतला जातो.

या स्नानाचे मर्म एका साध्या नियमात आहे. अंग धुणे आणि पाण्यात बसणे ही तेथे दोन निरनिराळी कामे मानली जातात. हौदाबाहेर बुटक्या आसनावर बसून साबणाने अंग चोळावे, फेसाचा लवलेश राहणार नाही असे ते धुऊन काढावे आणि मगच हौदात उतरावे. या हौदाला ‘फुरो’ म्हणतात. आदरार्थी ‘ओ’ लावून त्याचा ‘ओफुरो’ होतो. त्यातील पाण्याचे तपमान साधारणतः ४० ते ४२ अंश सेल्सियस असते. स्वच्छ होण्याचे काम बाहेरच संपल्यामुळे पाण्यात शिरल्यावर करण्यासारखे काहीच उरत नाही. मनाला मिळणारी शांती या निवांतपणातूनच येते.

या नियमामागे दुसऱ्याविषयीची जाणीवही आहे. घरातील माणसे एकामागून एक त्याच पाण्यात बसतात. पाहुणा असल्यास पहिला मान त्याचा. पाणी निवू नये म्हणून हौदावर झाकण घालतात. मागून येणाऱ्यास पाणी निर्मळ मिळावे, ही आधीच्याची जबाबदारी. एकाची विश्रांती अशी दुसऱ्याच्या शिस्तीवर अवलंबून असते.

ज्यांच्या घरी हौद नव्हता, त्यांच्यासाठी गल्लोगल्ली सार्वजनिक स्नानगृहे होती. त्यांचे नाव ‘सेन्तो’. ‘सेन’ म्हणजे नाणे आणि ‘तो’ म्हणजे ऊन पाणी. शिकितेई साम्बा या लेखकाने १८०९ पासून प्रसिद्ध केलेला ‘उकियोबुरो’ हा विनोदी ग्रंथ अशा स्नानगृहातील गप्पांवरच रचलेला आहे. अंगावरील वस्त्रांबरोबर हुद्द्याचा आणि श्रीमंतीचा भेदही तेथे काही काळ बाजूस पडे. १९६८ च्या सुमारास देशात जवळजवळ १८,००० सेन्तो होते. आज ते २,००० हूनही कमी उरले आहेत. घरोघरी न्हाणीघरे झाली, ही निःसंशय प्रगतीच होय. परंतु एकट्या राहणाऱ्या वृद्धास रोज ओळखीचे चार चेहरे भेटण्याची एक जागा त्याबरोबर नाहीशी झाली.

या स्नानाने झोप का येते, यास शरीरशास्त्रात उत्तर आहे. ऊन पाण्याने त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात. बाहेर आल्यावर त्यांच्या वाटे अंगातील उष्णता निघून जाते, शरीराचे आतील तपमान किंचित उतरते, आणि हे उतरणेच निद्रेस अनुकूल ठरते. म्हणूनच निजण्यापूर्वी तास-दीड तास आधी स्नान करणे हितावह मानतात.

मात्र हेच पाणी घातकही होऊ शकते. हिवाळ्यात गारठलेल्या खोलीत कपडे उतरवून एकदम कढत पाण्यात शिरले की रक्तदाब झपाट्याने वरखाली होतो, आणि घरातील हौदात शुद्ध हरपून वृद्ध माणसे दगावतात. तेव्हा खोली आधी उबदार करावी, पाणी ४१ अंशांच्या वर तापवू नये, दहा मिनिटांहून अधिक काळ बसू नये, उठताना सावकाश उठावे आणि स्नानास जाताना घरात सांगून जावे, असे सरकारच तेथील जनतेस बजावते.

या स्नानाचे जपानी जीवनातील स्थान संकटकाळी विशेष ध्यानात येते. २०११ च्या महाभूकंपानंतर आणि १ जानेवारी २०२४ रोजी नोतो द्वीपकल्पात झालेल्या भूकंपानंतर जपानी स्वसंरक्षण दलाच्या जवानांनी तंबूंमध्ये हौद उभारून निराश्रितांसाठी ऊन पाण्याची सोय केली. अन्न, निवारा आणि औषध यांच्या जोडीने तेथे स्नानही मदतकार्यात गणले जाते. घर गमावलेल्या माणसालाही दिवसाच्या अखेरीस काही क्षण स्वस्थ बसता यावे, ही गरज ज्या समाजाने ओळखली, त्याने स्नानाला चैन मानलेले नाही.