कंपनी निराळी, सही निराळी

“आतां कंपनी काढली आहे, घराला धोका नाहीं,” असें वाक्य हल्लीं पुष्कळ घरांतून ऐकूं येतें. त्यांतील पूर्वार्ध खरा असतो. उत्तरार्ध खरा असेलच असें नाहीं.

देवाच्या नांवें मिळकत असूं शकते व त्याच्या वतीनें फिर्यादही होते, हें वाचकांस नवें नाहीं. कंपनीही तशीच कायद्यानें मानलेली व्यक्ति. लंडनचे जोड्यांचे कारखानदार आरोन सॉलोमन यांनीं 1892 सालीं आपला धंदा स्वतःच काढलेल्या कंपनीस विकला. भागधारक सातच: ते स्वतः, पत्नी, एक कन्या व चार पुत्र, 20,007 भागांपैकीं 20,001 एकट्या सॉलोमनांचे! कंपनी बुडाली, तेव्हां कंपनी म्हणजे सॉलोमनच, असा इतर धनकोंच्या वतीनें वाद झाला. 1896 सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें निकाल दिला कीं, दोघे निराळे; कंपनीचें देणें सॉलोमनांच्या अंगावर येत नाहीं.

हें तत्त्व उलटही लागतें. मुंबईच्या श्रीमती बच्चा गझदर यांचे चहाच्या कंपन्यांत भाग होते. चहाचें उत्पन्न बहुतांशीं शेतीचें, तेव्हां तेवढ्या लाभांशावर प्राप्तिकर नसावा, असें त्यांचें म्हणणें. सर्वोच्च न्यायालयानें 1954 सालीं तें अमान्य केलें. मळा कंपनीचा, भागधारकाचा नव्हे.

भागीदारीच्या पेढीस असें निराळें अस्तित्व नाहीं. 1932 च्या कायद्यान्वयें पेढीचें सर्व देणें एकाच भागीदाराकडूनही वसूल होऊं शकतें. एकत्र कुटुंबाच्या धंद्यांत कर्ता स्वतःच्या मिळकतीनिशीं बांधला जातो. इतर समांशी सामान्यतः कुटुंबाच्या मिळकतींतील हिश्श्यापुरतेच.

मग कंपनी असून घर जातें कसें? आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याच्या धाकट्या बंधूंनीं प्रायव्हेट लिमिटेड कंपनी काढली. कर्ज देतांना बँकेनें या वडील बंधूंचीही सही घेतली. त्यांस ती साक्षीची वाटली. कागद जामीनकीचा होता. (सातही विभक्ति आम्हीं त्यांच्याकडून घोकून घेतल्या, सहीपूर्वीं कागद वाचावा, हें शिकविल्याचें स्मरत नाहीं.) 1872 च्या करार कायद्याचें 128 वें कलम म्हणतें कीं, करारांत निराळें ठरलें नसेल तर जामीनदाराची जबाबदारी ऋणकोइतकीच. बँकेनें आधीं कंपनीचें सामान विकावें व मग आपल्या दारीं यावें, असें त्यांस वाटे. कायदा सावकारावर तसें बंधन घालीत नाहीं.

चालू राहणारी जामीनकी नोटीस देऊन रद्द करतां येते, परंतु पुढील व्यवहारांपुरतीच. आमच्या विद्यार्थ्यानें नोटीस दिली ती कर्ज थकल्यावर, आणि वाडा त्याच वर्षीं विकावा लागला.