कचरा आणि गावची शीव

कचरा घराबाहेर गेला म्हणजे तो संपला, अशी आपली समजूत असते. घराने तो दाराबाहेर टाकला की घर स्वच्छ. नगरपालिकेने तो हद्दीबाहेर ओतला की शहर स्वच्छ! परंतु शहराची हद्द जिथे संपते तिथे कोणत्या तरी गावाची शीव सुरू होते, आणि त्या गावाला कोणी विचारीत नाही. म्हणून कचऱ्याची योजना प्रत्येक नगरपालिकेने आपापल्यापुरती करावी, की आसपासच्या गावांनी मिळून करावी, हा प्रश्न नीट समजून घेतला पाहिजे.

पुण्याचे उदाहरण घेऊ. शहराचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची व फुरसुंगी या गावांच्या बाजूला साठत गेला. दुर्गंधी आणि बिघडलेले पाणी गावकऱ्यांच्या वाट्याला आले. २०१७ च्या एप्रिलमध्ये डेपोला आग लागली, गावकऱ्यांनी गाड्या अडविल्या, तेव्हा कुठे हा प्रश्न शहराच्या रस्त्यांवर दिसू लागला. त्याच वर्षी ही गावे महापालिकेत घेतली गेली. २०२४ मध्ये ती पुन्हा वेगळी काढून त्यांची नगरपरिषद झाली. सात वर्षांत हद्दीची रेघ दोनदा सरकली, पण रेघ सरकविल्याने कचऱ्याचा प्रश्न सुटत नाही, एवढेच त्यावरून सिद्ध झाले.

मग एकत्र काय करावे आणि ज्याने त्याने काय करावे? आपल्या शहरांच्या कचऱ्यात निम्म्याच्या आसपास ओला माल असतो: भाजीची देठे, उरलेले अन्न, पालापाचोळा. त्यात पाणी फार. तो मैलोगणती वाहून नेणे म्हणजे पाण्यालाच गाडीभाडे भरणे होय. ढिगाखाली हवेवाचून कुजला की त्यातून मिथेन वायू निघतो, तो पेट घेतो. आणि काळे पाणी झिरपून विहिरीला मिळते. हाच माल वाड्यात, चाळीत किंवा वॉर्डात जिरविला तर त्याचे खत होते. म्हणून ओला कचरा ज्याचा त्याने जिरवावा.

कागद, काच, पत्रा, प्लास्टिक यांची निवड गावोगावच्या शेडमध्ये व्हावी, पण विक्री एकत्र व्हावी. एका लहान नगरपरिषदेच्या चार पोत्यांना व्यापारी भाव देत नाही. दहा गावांचा माल एकत्र आला की तोच व्यापारी दारात येतो. एकट्या कामगाराचे मालक ऐकत नाही, युनियनचे ऐकतो. त्यातलाच हा प्रकार.

राहिला तो उरलेला, कशाच्याही कामी न येणारा कचरा. त्याच्यासाठी शास्त्रीय भरावभूमी लागते. तळाला अस्तर, काळे पाणी गोळा करण्याची सोय, वजनकाटा, पहारा हा खर्च गाव लहान म्हणून फारसा कमी होत नाही. तो एकेका गावाला पेलत नाही. म्हणून ही सोय सामायिक हवी. २०१६ च्या घनकचरा नियमांनीही सुमारे ५० किलोमीटरच्या आतील शहरांसाठी खर्च वाटून घेऊन अशी सामायिक जागा करण्यास राज्य शासनांनी साहाय्य करावे, असे सांगितले होते.

बसायला व्यासपीठही आहे. ७४ व्या घटनादुरुस्तीने जिल्हा नियोजन समिती दिली. तिचे चार-पंचमांश सदस्य जिल्हा पंचायत व नगरपालिका यांच्या निवडून आलेल्या सदस्यांतून यावेत, आणि गाव व शहर यांच्या समान हिताच्या बाबी तिने पाहाव्यात, अशी घटनेची योजना आहे. कचऱ्याहून अधिक समान हिताची बाब कोणती?

मात्र केवळ एकत्र बसल्याने न्याय होत नाही. त्याला तीन अटी हव्यात. पहिली, ज्या गावात जागा आहे त्याला निर्णयात मत हवे, आणि किती गाड्या, किती वर्षे, हे आधी लेखी ठरावे. दुसरी, प्रत्येक गावाने पाठविलेल्या वजनाप्रमाणे पैसे भरावेत. म्हणजे कचरा कमी करणाऱ्याचा पैसा वाचेल. आज वाहतुकीच्या ठेकेदाराला टनावर पैसे मिळत असतील, तर कचरा कमी होण्यात त्याचे नुकसानच आहे. परंतु एखादे गाव योजनेबाहेर राहिले तर पैसे चुकविण्यासाठी कचरा रातोरात त्याच्या ओढ्यात पडेल. म्हणून वर्तुळ पुरे हवे.

तिसरी अट हातांची. यंत्र येण्यापूर्वीपासून हा कचरा कमी केला तो कचरावेचकांनी, त्यातही बहुतांशी दलित स्त्रियांनी. पुण्यात १९९३ मध्ये त्यांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, आणि २००८ मध्ये ‘स्वच्छ’ या त्यांच्या सहकारी संस्थेने महापालिकेशी करार करून दारोदार कचरा गोळा करण्याचे काम घेतले. दहा गावांचा एकच मोठा ठेका निघाला आणि त्यात या बायांचे नाव नसले, तर योजना कागदावर उत्तम ठरेल व हजारो चुली विझतील. सुका माल निवडण्याचा त्यांचा हक्क, हातमोजे, ओळखपत्र आणि दर महिन्याचा ठरलेला मोबदला हे करारातच लिहिलेले हवे.

नागरिकांनी करण्याजोगे कामही साधे आहे. आपल्या नगरसेवकाला दोन प्रश्न विचारावेत: आमचा कचरा नक्की कोणत्या गावात जातो, आणि त्या गावाशी काय ठरले आहे? पहिल्याचे उत्तर पुष्कळदा मिळेल. दुसऱ्याचे मिळेपर्यंत विचारीत राहिले पाहिजे.