बोकड विकला, कांडी राहिली

नाशिककडून येणारा महामार्ग भिवंडीजवळ वडप्यावरून ठाणे-मुंबईकडे जातो. बकरी ईदच्या आधी मुंबईतल्या देवनारच्या बाजाराला निघालेल्या बोकडांच्या गाड्या याच रस्त्याने जातात. या बाजारामुळे एक पेच जुनाच आहे. अंगापिंडाने भरलेल्या बोकडाला भाव जास्त, म्हणून तोच आधी विकला जातो आणि गावातल्या शेळ्यांना उरतो तो डावा. यावर उपाय म्हणजे विकण्याआधी बोकडाचं वीर्य गोठवून ठेवणं. हा उपाय हाती यायला मात्र बराच काळ गेला.

१९४९ मध्ये इंग्लंडमध्ये पोल्ज, स्मिथ आणि पार्क्स यांनी ग्लिसरॉलमुळे कोंबड्याचे शुक्राणू गोठूनही जगतात हे दाखवलं. वळूच्या गोठवलेल्या वीर्याच्या कांड्या त्यानंतर झपाट्याने पसरल्या. बोकडाचं गणित इतकं सोपं नव्हतं. थंडीपासून बचावासाठी वीर्यात अंड्याचा बलक मिसळतात. पण बोकडाच्या काउपर ग्रंथीतला एक विकर त्याच बलकातल्या लेसिथिनचं विघटन करतो आणि त्यातून शुक्राणूंना मारक द्रव्यं तयार होतात. १९५७ मध्ये ए. रॉय यांनी हा विकर 'नेचर'मध्ये मांडला. पुढे फ्रान्समध्ये कॉर्तील यांनी वीर्यद्रव धुऊन काढण्याची वाट दाखवली, पण धुताना शुक्राणूही वाया जातात. म्हणून बलक कमी करणं, सोयाबीनचं लेसिथिन वापरणं असे पर्याय पुढे आले.

महाराष्ट्रात हे काम शेतकऱ्याच्या दारापर्यंत नेलं ते फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने. बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये स्थापन केलेल्या या संस्थेने उस्मानाबादीसारख्या देशी जातींबरोबर बोअर या परदेशी जातीच्याही कांड्या तयार केल्या.

कांडी द्रवरूप नत्रात, उणे १९६ अंशांवर राहते. ऐन वेळी ती ३७ अंशांच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवायची, पुसायची, रेतनाच्या गनमध्ये भरायची. शेळीचे मागचे पाय उचलून धरायचे आणि उजेडात गर्भाशयमुख शोधायचं. गाईसारखा गुदमार्गातून हात घालता येत नसल्याने सगळी भिस्त नजरेवर.

खरी अडचण आता प्रयोगशाळेबाहेर आहे. शेळी जेमतेम दीड दिवस माजावर असते. शेपटी हलवणं, ओरडणं वेळीच ओळखलं नाही, किंवा तोवर तंत्रज्ञ पोचला नाही, की एकवीस दिवस वाट पाहायची. दोन-चार शेळ्यांसाठी नत्राचं भांडं वाडीवर भरून ठेवणं परवडत नाही. म्हणून एका गावच्या शेळ्या ठरवून एकाच वेळी माजावर आणणं, हाच त्यातल्या त्यात व्यवहार्य मार्ग.

तरीही कांडीने एक गोष्ट दिली, ती म्हणजे मुदत. करडं कशी वाढतात, त्यातल्या माद्या पुढे दूध किती देतात, जुळी किती होतात, हे कळेपर्यंत चांगला बोकड कधीच विकलेला असतो. नोंदी ठेवल्या, तर तो गेल्यावरही त्याच्या गुणांचा निवाडा होऊ शकतो आणि त्यात तो खरा उतरला, तर त्याचा वंश पुढे चालवता येतो. नोंदीच नसतील, तर नत्रात जपलेली कांडी कोणाच्या कामाची?